मानेतली गाठ ‘काढून पाहू’ म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. वहिनींचं वय ३८. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली गाठ आहे, लक्षात येऊन दोन वर्षं झाली. दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, पण हळूहळू वाढून आता लिंबाएवढी आहे. सुईची तपासणी केली, म्हणजे एफएनएसी, तर ‘फक्त रक्त, निदानासाठी पेशी अपुऱ्या’ असा रिपोर्ट आला. एक डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं सुरू करू. दुसरे म्हणतात छोटं ऑपरेशन करून गाठ काढू आणि तपासायला पाठवू. त्यातच वहिनींच्या मुलाला, वय ७, मानेत डावीकडेच तीनदा गळू झालं आणि तिन्ही वेळा चिरून पू काढावा लागला. कोणाचं ऐकायचं, आणि घरात काही आनुवंशिक आहे का?

आज तरी दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी मानेची कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहही दाखवणारी, सोनोग्राफी करून घ्या. ती होईपर्यंत गाठीला पुन्हा सुई नको आणि चाकू तर नकोच.

मी कान-नाक-घसा आणि मानेच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन आहे. वहिनींना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे त्यांचं निदान नव्हे. पण तुमच्या माहितीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: गाठ जबड्याच्या कोनाखाली आहे, ती संथ वाढते आहे आणि सुईत नुसतं रक्त आलं आहे. असं असलं की गाठीला हात घालण्याआधी तिचा धमनीशी काय संबंध आहे ते पाहावंच लागतं.

सुईत रक्त आलं म्हणजे दर वेळी तपासणी फसली असं नसतं. सुई नेमकी गाठीत गेली आणि तरी सिरिंजमध्ये भराभर लाल रक्त चढलं, तर गाठच रक्तवाहिन्यांनी भरलेली असू शकते. कागदावर मात्र ‘अपुरा नमुना’ एवढंच छापलं जातं आणि कामाची माहिती तिथेच राहते. ज्या पॅथॉलॉजिस्टनी सुई लावली त्यांना फोन करून विचारा, रक्त न ओढता आपोआप चढलं का, आणि नंतर ती जागा किती वेळ दाबून धरावी लागली? या दोन उत्तरांतून कधीकधी अख्ख्या रिपोर्टपेक्षा जास्त कळतं.

मानेतली मोठी धमनी, कॅरोटिड, साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला दुभंगते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. त्यातून उगवणारी गाठ म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्यूमर. पॅरागँग्लिओमा नावाच्या गटात ती मोडते. ती दुर्मीळच. पेरू किंवा मेक्सिकोच्या उंच पठारांवर, जिथे पिढ्यानपिढ्या माणसं विरळ हवेत राहतात, तिथे ती जास्त आढळते. वाढते ती वर्षाला काही मिलिमीटर. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिसली म्हणजे दोन वर्षांपूर्वी सुरू झाली असं समजू नका.

या गाठीची भीती कॅन्सरची कमी आणि अपघाताची जास्त. साधी लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, समजून, जागेवर भूल देऊन, छोट्या ऑपरेशन थिएटरात कोणी ती काढायला घेतली तर पहिल्या काही मिनिटांतच रक्त थांबेनासं होतं. घाईत चिमटा लागतो तो मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला, आणि पक्षाघात होऊ शकतो. अर्धवट उघडून, टाके घालून पुढे पाठवलेली मान मी पाहिली आहे. एकदा उघडलेल्या मानेत सगळे थर एकमेकांना चिकटतात, नसा, म्हणजे मज्जातंतू, ओळखू येत नाहीत आणि पुढचं ऑपरेशन कितीतरी अवघड होतं. म्हणून ‘काढून पाहू’ हा शब्द मानेच्या या भागासाठी कोणी वापरला की मला काळजी वाटते.

डॉक्टरांनी हाताने करायची एक साधी तपासणी आहे. गाठ दोन बोटांत धरून आडवी हलवली तर हलते, पण वर-खाली सरकत नाही, कारण ती उभ्या धमनीला धरून असते. बोटाखाली ठोकाही जाणवू शकतो. नुसत्या ठोक्यावर जाऊ नका, धमनीवर टेकलेली कुठलीही गाठ ठोक्याबरोबर उचलली जाते. हे सगळं घरी करून पाहू नका. मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबणं तर धोक्याचंच.

सोनोग्राफीला जाताना चिठ्ठीवर नुसतं ‘मानेची सोनोग्राफी’ नको, ‘कलर डॉपलर, गाठीचा कॅरोटिडशी संबंध पाहणे’ असं लिहून घ्या. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधायच्या: गाठीच्या आत रक्तप्रवाह किती आहे, आणि कॅरोटिडचे दोन फाटे गाठीने एकमेकांपासून फाकवले आहेत का. दोन्ही असतील तर पुढे सीटी अँजिओग्राफी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. मोठ्या गाठीत एमआरआयवर पांढरे-काळे ठिपके मिसळलेले दिसतात, रेडिओलॉजिस्ट त्याला ‘सॉल्ट अँड पेपर’ म्हणतात. काळे ठिपके म्हणजे वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या वाहिन्या. स्कॅन दोन्ही बाजूंचं हवं, कारण काही जणांत अशी गाठ दुसऱ्या बाजूलाही असते आणि तोवर तिचा पत्ता नसतो.

चित्र असं नमुनेदार असेल तर बायोप्सी लागत नाही. नातेवाइकांना हे पटवणं जड जातं, कारण तुकडा तपासल्याशिवाय निदान नाही हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे, आणि बहुतेक गाठींच्या बाबतीत ते खरंही आहे. इथे मात्र स्कॅनच निदान देतं आणि तुकडा काढणं घातक ठरू शकतं. बाकी राहते ती रक्त किंवा लघवीतली मेटानेफ्रिनची, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनपासून बनणाऱ्या द्रव्याची, तपासणी. मानेतल्या अशा गाठी सहसा अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडत नाहीत, पण काही सोडतात. शिवाय त्याच रुग्णाच्या पोटात सोडणारी दुसरी गाठ असू शकते. ते माहीत नसताना भूल दिली तर टेबलावर ब्लडप्रेशर आभाळाला भिडतं. वहिनींना धडधड, अचानक घाम, ठणकणारं डोकं असं काही होतं का, ते नीट विचारा. ‘मेनोपॉज असेल’, ‘टेन्शन असेल’ म्हणून या तक्रारी घरातच दाबल्या जातात.

त्याच जागी आणखी काय असू शकतं? पहिलं म्हणजे नसेची गाठ, श्वानोमा. व्हेगस नस कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर यांच्या मधून जाते, त्यामुळे तिच्यावरची गाठ या दोघींना एकमेकींपासून दूर ढकलते. सिंपथेटिक साखळी, म्हणजे मज्जातंतूंचीच एक साखळी, दोघींच्या मागे असते, तिच्यावरची गाठ दोघींना मिळून पुढे ढकलते. एवढ्यावरून गाठ कोणत्या नसेवर आहे याचा बऱ्यापैकी अंदाज स्कॅनवरच बांधता येतो. व्हेगसवरची गाठ दाबली तर काही जणांना खोकल्याची उबळ येते. हे आधी कळायला हवं, कारण ती गाठ काढताना आवाज घोगरा होऊ शकतो, आणि जो शिक्षक आहे किंवा कीर्तन करतो त्याला ऑपरेशनच्या आधी हे माहीत असण्याचा हक्क आहे. गाठ साधी, वाढ संथ आणि त्रास नाही, असं असेल तर न काढता दरवर्षी स्कॅन करत राहणं हाही रास्त उपचार आहे.

दुसरी शक्यता पाण्याने भरलेल्या गाठीची. विशी-पंचविशीत ती बहुधा जन्मजात ब्रँकिअल सिस्ट निघते. चाळिशीनंतर मात्र ‘पाण्याची गाठ आहे, साधी आहे’ असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी दडलेला कॅन्सर मानेत अशीच मऊ, पाण्याने भरलेली गाठ करतो. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सरही करतो, आणि तो तरुणांतही. त्यात सुईतून चॉकलेटी रंगाचं पाणी येतं, पेशी इतक्या कमी की रिपोर्ट पुन्हा ‘अपुरा’. अशा वेळी तीच सुई थोड्या सलाइनने धुऊन ते पाणी थायरोग्लोब्युलिनच्या तपासणीला पाठवायचं. थायरॉइडशी संबंध नसलेल्या गाठीत हे प्रथिन जास्त सापडायचं कारणच नाही. सापडलं, तर मूळ रोग कुठे आहे ते कळलं. यासाठी वेगळी सुई लागत नाही, फक्त आधी आठवण हवी.

चाळिशीच्या पुढचा माणूस, दोन आठवड्यांहून जुनी, कडक, न दुखणारी गाठ, आणि त्यात तंबाखू, गुटखा, विदर्भात खर्रा, गावाकडच्या बायकांत मशेरी, असं असेल तर मूळ रोग तोंडात-घशात आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, जिभेखाली बोट फिरवायचं, मग नाकातून दुर्बीण घालून नाकामागची जागा, जिभेचं मूळ, स्वरयंत्र पाहायचं. सुपारीमुळे ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्यांच्यात हे वरवर पाहून सोडलं जातं, आणि तिथेच रोग सुटतो. मशेरीबद्दल विचारताना आवाज खाली ठेवा आणि सासूसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळायचं असेल तर.

आता टीबीचं. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की आधी टीबी मनात येतो ते उगाच नाही. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत लसिकाग्रंथींचा टीबी सर्वात जास्त, आणि त्यातही मान पहिली. गंडमाळ हा शब्द आपल्या आज्यांनाही माहीत होता. म्हणूनच तो सिद्ध करून मग औषधं द्यायला हवीत, आणि सिद्ध करणं आता अवघडही राहिलेलं नाही. सुईतून आलेल्या नमुन्याचा एक भाग सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीला दिला तर त्याच दिवशी जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे का ते कळतं. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही, त्यासाठी कल्चर लावायचं, म्हणजे जंतू वाढवून पाहायचा. उलट सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका, दिसला म्हणून टीबीच असंही नाही. सारकॉइड नावाच्या आजारात तो दिसतो, कधीकधी कॅन्सर झालेल्या भागाजवळच्या ग्रंथीतही दिसतो.

वहिनींच्या गाठीबद्दल सांगायचं तर दोन वर्षं एकटी, न दुखणारी, भोवती दुसऱ्या गाठींची साखळी नाही, ताप नाही, पू नाही. हा टीबीचा नेहमीचा थाट नव्हे. शंकेवर सहा महिन्यांची औषधं दिली तर यकृतावर भार पडेल, एथॅम्ब्युटॉलमुळे डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागेल, आणि गाठ तशीच राहिली की ‘औषधाला दाद न देणारा टीबी’ असा नवा शिक्का बसेल. तोवर दीड-दोन वर्षं गेलेली असतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की या मुद्द्यावर मी मवाळपणे बोलू शकत नाही. खऱ्या टीबीतही उपचार चालू असताना गाठी काही काळ मोठ्या होऊ शकतात. तेव्हा घाबरून औषधं बदलायची नसतात, पण मूळ निदान पुराव्यावर उभं असेल तरच असा धीर धरता येतो.

कधी अख्खी ग्रंथी काढूनच तपासावी लागते, विशेषतः लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्याच कॅन्सरची, शंका असेल तेव्हा. नुसत्या सुईने लिम्फोमाचा प्रकार ठरत नाही. इथे एक चूक वारंवार होते. ग्रंथी बाहेर आली की थिएटरमधला मदतनीस ती सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतो. फॉर्मलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, मग कल्चर होत नाही. लिम्फोमाचा प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या तपासणीलाही जिवंत पेशी लागतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जनशी बोलून ठरवा: ग्रंथी ताजी कापायची, एक भाग साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरसाठी, उरलेला फॉर्मलिनमध्ये. मी स्वतः दोन बाटल्या आदल्या दिवशी नाव-नंबर लिहून ठेवायला सांगतो. नातेवाइकांनी असं विचारलं तर कोणा चांगल्या सर्जनला राग येत नाही.

आणि तपासणीच्या आधी स्टेरॉइड नको. ‘सूज उतरायला’ म्हणून दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी लिम्फोमाची गाठ विरघळल्यासारखी होते, घरचे खूश होतात, आणि मग काढलेल्या ग्रंथीत पॅथॉलॉजिस्टला काही धड सापडत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिकही टीबीच्या जंतूवर थोडंफार चालतं आणि तपासणी धूसर करतं. मानेच्या गाठीला अँटिबायोटिक द्यायचंच तर संसर्गाची खूण हवी: दुखणं, लाली, ताप, किडलेला दात.

एका आजाराचा उल्लेख करायलाच हवा, कारण आपल्याकडे तो टीबीच्या नावाखाली बराच दबतो. किकुची आजार. जपानमध्ये १९७२ साली त्याचं पहिलं वर्णन झालं. बहुधा तरुण मुलगी, ताप, मानेच्या मागच्या बाजूला दुखऱ्या गाठी, पांढऱ्या पेशी कमी. ग्रंथी काढून अनुभवी पॅथॉलॉजिस्टने पाहिली तरच तो ओळखू येतो, नाहीतर कोणाला टीबी वाटतो तर कोणाला लिम्फोमा. काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप बरा होतो. नंतर ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी लक्ष ठेवावं लागतं, एवढंच. ज्या मुलीला टीबीची किंवा केमोची औषधं लागायचीच नव्हती तिला ती मिळू नयेत, म्हणून दुर्मीळ नावं माहीत असणं गरजेचं आहे. रिपोर्टवर असं एखादं नाव आलं, किंवा दोन रिपोर्ट जुळले नाहीत, तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात पुन्हा दाखवा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा. तो असला की नव्याने चाचण्या करता येतात, नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर काही होत नाही.

आता तुमच्या पुतण्याबद्दल. लहान मुलाला पुन्हा पुन्हा, त्याच जागी, आणि तेही डावीकडे गळू होत असेल तर मला घशाच्या आतल्या बारीक छिद्राची शंका येते. गर्भात मान तयार होताना बुजायला हवी असलेली एक नळी तशीच राहते आणि घशातल्या पायरिफॉर्म सायनस नावाच्या खाचेतून निघून थायरॉइडपर्यंत पोहोचते. ही नळी बहुतांश मुलांत डावीकडेच असते. सर्दी-खोकला झाला की घशातले जंतू तिच्यातून खाली उतरतात आणि थायरॉइडच्या डाव्या भागाजवळ पू होतो. बाहेरून कितीही वेळा चिरलं तरी आतलं दार उघडंच राहतं. संसर्ग पूर्ण शमल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, बेरियम गिळवून एक्स-रे काढतात किंवा भूल देऊन दुर्बिणीने थेट ते छिद्र शोधतात. सापडलं तर बऱ्याचदा आतूनच जाळून बंद करता येतं, मानेवर नवी खूण न करता. पुढच्या वेळी गळू झालं तर चिरण्याआधी डॉक्टरांना सुईने पू काढायला सांगा, आणि तो पू सीबीनॅटलाही पाठवा. आईची गाठ आणि मुलाचं गळू एकाच बाजूला असणं हा योगायोग असण्याचीच शक्यता जास्त. या नळीचा आणि पॅरागँग्लिओमाचा संबंध नाही.

आनुवंशिकतेचा प्रश्न तरीही रास्तच आहे. वहिनींची गाठ खरोखर पॅरागँग्लिओमा निघाली तर रक्तातून जनुकीय चाचणी करून घ्या, घरात आणखी कोणाला काही नसलं तरी. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जन्मजात जनुकीय बदल सापडतो, बहुतेकदा एसडीएच या जनुकांच्या गटात. त्यातल्या एसडीएचडीचा संबंध २००० साली उलगडला आणि त्याची वाट विचित्र आहे. बदल आईकडून आला किंवा वडिलांकडून, मूल तो बाळगतं, पण गाठ जवळजवळ फक्त वडिलांकडून आलेल्यांनाच होते. त्यामुळे आजार एक पिढी गाळून पुढे दिसतो आणि ‘आमच्या घरात कोणाला नाही’ असं मनापासून सांगितलं जातं. वहिनींमध्ये हा बदल निघाला तर आधी लक्ष द्यायचं ते त्यांच्या माहेरी: त्यांचे वडील, भाऊ-बहिणी, आणि चाचणीत भाऊ वाहक निघाला तर त्याची मुलं. पुतण्याला स्वतःला गाठ होण्याची शक्यता फार कमी, पण तो वाहक असेल तर पुढे त्याच्या मुलांना धोका राहील. एसडीएचबी निघालं तर आई-वडिलांचा हा भेद लागू होत नाही आणि देखरेख जास्त कडक लागते, कारण त्यात गाठ इतरत्र पसरण्याचं प्रमाण अधिक. २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार सगळ्याच पॅरागँग्लिओमांमध्ये पसरण्याची क्षमता धरली जाते, तेव्हा रिपोर्टवर कोणी ‘साधी गाठ’ लिहिलं तरी तपासण्या बंद करायच्या नाहीत.

ऑपरेशन ठरलंच तर जिथे मानेचा सर्जन आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन एकाच थिएटरात उभे राहू शकतात, रक्त तयार असतं आणि आयसीयू आहे, अशाच ठिकाणी करा. गाठ धमनीला किती वेढून आहे यावरून तिची शॅम्ब्लिनची एक ते तीन अशी पायरी ठरते. सर्जनना विचारा, पायरी कोणती, जिभेची आणि आवाजाची नस दुखावण्याचा धोका किती, आणि धमनीचा तुकडा बदलावा लागला तर तयारी काय आहे. लहान गाठ काढणं तुलनेने सोपं असतं, म्हणून निदान झाल्यावर वर्षानुवर्षं रेंगाळू नका, पण डॉपलर व्हायच्या आधी घाईही करू नका. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की गाठीचा आकार, कॅरोटिडशी संबंध आणि पॅथॉलॉजिस्टनी फोनवर दिलेलं उत्तर, या तीन गोष्टी लिहून कळवा. पुढचं स्कॅन कोणतं करायचं ते त्यावरून सांगेन.